पान दोनशे तेरा

आमच्या राजधानीत खालचं कोर्ट आणि वरचं कोर्ट अगदी समोरासमोर आहेत. मध्ये फक्त एक रस्ता, एका सिग्नलचा आणि चाळीस पावलांचा. तरीही खालून वर निघालेलं रेकॉर्ड नेमकं कुठे आहे, हे दोन्हीकडे कुणालाच सांगता येत नाही. खालची तीन नंबरची खिडकी म्हणायची, "वर गेलं." वरची सात नंबरची खिडकी म्हणायची, "आलं नाही." असे मी अकरा दिवस हेलपाटे घातले. बाराव्या दिवशी मी तीन नंबरला विचारलं, "मग ते रस्त्यात उभं आहे का?" खिडकीतली बाई हसली नाही. तिने आत जाऊन पाहिलं आणि गठ्ठा खालीच असल्याचं सांगितलं.

मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. शाळेची पुस्तकं, सव्वीस वर्षं. ओळ जिथल्या तिथे नसली की मला चैन पडत नाही. आणि कोर्टात तर काहीच जिथल्या तिथे नव्हतं. कुठल्या मजल्यावर कुठलं कोर्ट, कुणाच्या निकालावर कुणाकडे जायचं, अर्ज कुणाचा आणि शिक्का कुणाचा, सगळं मी वहीत लिहून काढलं होतं, तरी रोज काहीतरी नवीनच निघायचं.

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा भागीदार मिळून काचेचं दुकान चालवायचे. एका मंगळवारी रात्री उशिरा भागीदार गोदामाच्या जिन्याखाली मरून पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, नऊच्या सुमारास गेला असावा. पडला की ढकलला, यावर दीड वर्ष खटला चालला आणि खालच्या कोर्टाने भावाला सात वर्षांची शिक्षा दिली. भावाचं म्हणणं एकच होतं, "मी साडेआठलाच घरी पोचलो होतो." आई तेव्हा दवाखान्यात होती. घरी मी एकटी. त्यामुळे त्याच्या बाजूची साक्षीदार एकच, आणि तीही सगळ्यात शेवटची.

साक्षीत मी सांगितलं, तो आत आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, साडेआठ वाजले होते. लेखनिकाने ते टाइप केलं, मला वाचून दाखवलं, आणि पाचही पानांखाली मी सही केली. एक स्वल्पविराम चुकला होता, तोही मी सुधारून घेतला. न्यायाधीश वैतागले होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. घड्याळात साडेआठच वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला तेव्हाही साडेआठच वाजले होते. ते वडिलांनी आणलेलं लंबकाचं घड्याळ. दर रविवारी त्याला मी किल्ली देते. आईच्या धावपळीत त्या रविवारी ती राहून गेली होती. म्हणजे मी दिलेल्या साक्षीत चुकीचा शब्द एकही नव्हता, असं मी स्वतःला दोन वर्षं बजावत आले. तो खरं तर किती वाजता आला, मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारलंही नाही. मला माझा भाऊ घरी हवा होता, बस.

"वरच्या कोर्टात साक्षी होत नाहीत," भावाचं अपील लढवणाऱ्या वकीलबाईंनी मला तिसऱ्यांदा समजावलं. "तिथे फक्त वाचतात. खाली जे लिहिलं गेलं ते गेलं, त्यात एक शब्द वाढत नाही की कमी होत नाही. खालच्यांनी तुमची साक्ष बहिणीची म्हणून बाजूला ठेवली. मी विचारणार, बहीण असली म्हणून काय झालं, ती डळमळली कुठे ते दाखवा. सगळं अपील तुमच्या त्या पाच पानांवर उभं आहे. तेव्हा मूळ कागद एकदा डोळ्यांखालून घाला. तुमचं तर कामच आहे ते."

मूळ रेकॉर्ड बघायला अर्ज करावा लागतो. एक तास मिळतो, समोर कारकून बसतो, आणि पेन बाहेर ठेवावं लागतं. फक्त पेन्सिल चालते. खालच्या इमारतीतल्या त्या लांबट खोलीत मी गठ्ठ्याची दोरी सोडली. अनुक्रमणिकेत पानं दोनशे बारा. माझी साक्ष दोनशे आठ ते दोनशे बारा. सगळं ठीक होतं, माझा स्वल्पविरामसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. तो गुरुवार होता.

सोमवारी गठ्ठा रस्ता ओलांडून वर आला. टाइप केलेली प्रत मुळाशी ताडून घ्यायला मी पुन्हा अर्ज केला. वरचा कारकून पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवून बसलेला. माझ्या हाताकडे पाहून तो म्हणाला, "मॅडम, पेन बाहेर ठेवलं ना?"

"ठेवलं की."

"मग बोटाला शाई कसली?"

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळी-काळी शाई लागली होती. छापखान्यात मी लाल पेन वापरते. कुठेतरी लागली असेल, म्हणून मी बोट रुमालाला पुसलं आणि दोरी सोडली.

दोनशे बारावं पान उलटलं तर खाली आणखी एक पान होतं. वर माझ्याच साक्षीचा क्रमांक.

प्रश्न: घड्याळ कोणत्या प्रकारचे आहे? उत्तर: लंबकाचे. माझ्या वडिलांनी आणलेले. प्रश्न: त्याला किल्ली कोण देते? उत्तर: मी. दर रविवारी.

खाली "वाचून दाखविले, बरोबर आहे", आणि माझी सही. सहीखाली मी एक टिंब देते, घाईत असले की दोन पडतात. इथे दोन होती. तारीख आदल्या दिवसाची, म्हणजे रविवारची. प्रश्न कोणी विचारले ती जागा कोरी.

हे प्रश्न मला कुणी कधीच विचारले नव्हते. मी अनुक्रमणिका काढली. त्याच टाइपात, त्याच जुनाट कागदावर लिहिलं होतं, पानं दोनशे तेरा.

"हे पान नंतर आलंय," मी कारकुनाला म्हणाले.

त्याने चष्मा डोळ्यांवर आणला, पान पाहिलं, अनुक्रमणिका पाहिली. "बरोबर तर आहे. दोनशे तेरा."

"गुरुवारी दोनशे बारा होती."

"मॅडम, एकतीस वर्षं झाली मला इथे. कागद गहाळ होतो, उंदीर खातो, पाण्यात भिजतो. वाढत मात्र कधी नाही." आणि त्याने चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

टाइप केलेल्या प्रतीत पानं दोनशे बाराच होती. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले. वकीलबाईंना सांगायला हवं होतं. पण पान सांगायचं म्हणजे घड्याळ सांगायचं. आणि घड्याळ सांगितलं की अपील संपलं. मग मी स्वतःला समजावलं, की गुरुवारी माझीच नजर चुकली असेल. सव्वीस वर्षांत माझी नजर चुकलेली नाही, तरी समजावलं.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा अर्ज केला. दोनशे चौदा.

प्रश्न: त्या आठवड्यात रविवारी किल्ली दिली होती काय? उत्तर: आठवत नाही. प्रश्न: नीट आठवून सांगा. उत्तर: नाही. आई दवाखान्यात होती.

तारीख कालची. खाली माझी सही, टिंबं दोन. रुमाल काढायला गेले तर बोटाला पुन्हा शाई.

घरी आले तेव्हा आई खाटेवर बसून केस विंचरत होती. तिला आता दिसत फारसं नाही, पण कान तिखट आहेत.

"अगं," ती म्हणाली, "काल दुपारी स्वयंपाकघरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मी शेंगा सोलत होते."

"मग बोलत कुणाशी होतीस? मध्येच 'हो', मध्येच 'नाही', मध्येच 'आठवत नाही'. मला वाटलं फोन असेल. पण फोन तर माझ्या उशाशी होता."

"मागच्या रविवारीही?" मी कसंबसं विचारलं.

"हो की. मला वाटलं, एकटीच बडबडतेस. भावाच्या काळजीने होतं असं. मी म्हटलं, कशाला बोलून दाखवा." आणि ती पुन्हा केस विंचरायला लागली.

माझी पाचावर धारण बसली. पुढचा प्रश्न कुठला असणार हे मला स्पष्ट दिसत होतं. घड्याळ चालू होते काय. आणि सुनावणी पुढच्या रविवारनंतरच्या मंगळवारी होती.

वकीलबाईंना मी फक्त एवढंच विचारलं, की न्यायमूर्ती मूळ कागद बघतात का. त्या म्हणाल्या, "टाइप केलेली प्रत वाचतात. शंका आली तरच मूळ मागवतात. तुम्ही का एवढ्या घाबरल्यात? आपली बाजू भक्कम आहे."

रविवारी मी सकाळीच घराबाहेर पडले. शेजारणीला आईकडे बसवलं आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या बागेत भर गर्दीत एका बाकावर जाऊन बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले. तोंडात मिठाची गुळणी धरली. कुणी वेळ विचारली तरी मान हलवली. बाकावर शेजारी कुणीही बसलं नाही, जागा असूनही. लोक यायचे, बसायला वाकायचे आणि "बसलंय वाटतं कुणीतरी" अशा चेहऱ्याने पुढे जायचे.

संध्याकाळी मांडीखालून हात काढले. बोट स्वच्छ होतं. मी तिथेच रडले.

मंगळवारी वरच्या कोर्टाच्या अकरा नंबरच्या दालनात मी शेवटच्या रांगेत बसले. भाऊ दोन पोलिसांमध्ये उभा होता. वाळला होता बिचारा, मानेवरचे केस पांढरे झाले होते. वकीलबाई सुंदर बोलल्या. साक्ष सलग आहे, सुसंगत आहे, कुठेही डळमळलेली नाही.

न्यायमूर्ती म्हणाले, "मूळ रेकॉर्ड बघू."

कारकुनाने दोरी सोडली.

ते शेवटून पानं उलटू लागले. एका पानावर थांबले. बराच वेळ वाचत राहिले.

"साक्ष कितव्या पानाला संपते?"

"दोनशे बारा, महोदय," वकीलबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. ओठ हलले, जणू ते एकच ओळ दोनदा वाचत होते. मग मान वर करून त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"साक्षीदाराने उत्तर दिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. मग जागे झाल्यासारखे म्हणाले, "दोनशे बारा. बरोबर."

दोन दिवसांनी निकाल आला. अपील मंजूर. भाऊ सुटला.

मी वरच्या खिडकीवर गेले. मला ते शेवटचं पान पाहायचंच होतं. सात नंबर म्हणाली, "रेकॉर्ड खाली गेलं." मी रस्ता ओलांडला. तीन नंबर म्हणाली, "आलं नाही." मी मध्येच सिग्नलपाशी उभी राहिले आणि मला हसू आलं. जाऊ दे म्हटलं. संपलं एकदाचं.

घरात दोन वर्षांनी तीन माणसं जेवली. भाऊ पोटभर जेवला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मी स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला, आणि मला खूप खूप बरं वाटलं.

रविवारी दुपारी मी आईपाशी बसून प्रुफं तपासत होते. भाऊ पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला.

बराच वेळ झाला.

आईने मान वळवली. "आता तो बोलतोय," ती म्हणाली.

मी दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत घड्याळाची टिकटिक चालू होती आणि भावाचा आवाज येत होता, सपाट, शाळेत उभं केल्यासारखा.

"हो."

थोडा वेळ शांतता. एक प्रश्न मावेल एवढी.

"नाही. किल्ली संपली नव्हती."

पुन्हा शांतता.

"मीच थांबवलं होतं. दुपारी, ती छापखान्यात असताना. लंबक धरून. काटे साडेआठवर आणून ठेवले."

शांतता. या वेळी जास्त लांब.

"कारण ताई घड्याळ बघून साक्ष देणार, हे मला माहीत होतं. ती कधीच चुकीचं बोलत नाही."

आत खुर्ची सरकली. मग कुणीतरी काहीतरी वाचून दाखवावं तसा बारीक, एकसुरी आवाज काही क्षण ऐकू आला. तो भावाचा नव्हता.

दार उघडलं. भाऊ बाहेर आला, झोपेतून उठल्यासारखा. उजव्या हाताचं मधलं बोट त्याने डाव्या हाताने चोळत धरलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "ही शाई कशाने निघते गं?"