वाढत्या अंगाची सायकल

“ब्रेक! फलक, ब्रेक दाब!”

तिचा मित्र धम्मरत्न, म्हणजे धम्मा, ओरडला, पण ओरडायची गरजच नव्हती. फलकनं उतारावरून सायकल झकास आणली होती, ब्रेकही वेळेवर दाबले होते. सायकल थांबली. फलकनं टेकवायला पाय खाली घेतला, पण जमीन काही पायाला लागेना! ती सायकलीसकट धाडकन आडवी झाली.

दिवाळीच्या सुट्टीतलं हे चौथं पडणं. गुडघा चांगलाच सोलवटला होता. देऊळघाटच्या चौकात तिच्या अब्बांचं, बशीरचाचांचं, शिलाईचं दुकान होतं. त्यांनी तिथून सगळं पाहिलं. मशीन सोडून ते धावत आले आणि तिथल्या तिथे निकाल लावून मोकळे झाले.

“बस झालं! या रविवारी सायकल विकून टाकतो. हात मोडल्यावर रडत बसू काय?”

“अब्बा, नाही ना!” फलक कळवळली. दोन वर्षं मागे लागून गियरची सायकल मिळाली होती. सुट्टी संपायच्या आत धम्मा आणि राखीबरोबर डोंगरातल्या तलावापर्यंत जायचं ठरलं होतं. ती गुडघ्यावरची माती झटकत हळूच म्हणाली, “सायकलची काही चूक नाही. माह्येच पाय आखूड आहेत.”

धम्मा उगाच वाकून सायकलीची चेन बघू लागला.

पंधरा दिवसांपूर्वी बुलढाण्याच्या दुकानात तोही गेला होता. सायकलीतलं त्याला कळतं, असा त्याचा गल्लीत लौकिक! दुकानात चोवीस इंची चाकांची एक बुटकी गियरची सायकल होती, अगदी फलकच्या बेताची. शेजारीच ही मोठी, काळी, रुंद टायरांची. धम्मा वर्गात सगळ्यांत उंच, आणि घरी वडिलांची जुनी खटारा सायकल! काळीकडे बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तो म्हणाला, “चाचा, वाढत्या अंगाची घ्या. दोन वर्षांत होते बरोबर!” चाचांना पटलं. शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या अंगाच्या, मग सायकल का नको? तेव्हापासून रोज संध्याकाळी “ब्रेक तपासून पाहतो” म्हणत धम्माच ती गावभर पिटाळत होता.

फलक पडली तशी चौकात धावत आलेली राखी मात्र सायकलीभोवती दोन चकरा मारून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुंजाजी पाटलांची ही पोरगी एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नसे.

“एक गोष्ट पाह्यली का? ही चालवताना कधीच पडत नाही. थांबतानाच पडते!”

“सीट अजून खाली घेऊ,” चाचा म्हणाले.

“सीट पार बुडाले टेकली, चाचा! थांबलं का मंधातल्या नळीच्या दोन्ही बाजूले पाय टेकवून उभं राहा लागते. ती नळीच उंच असन तर? तुमचा टेप द्या बरं!”

फलकला भिंतीला टेकवून उभं केलं. पायाचं आतलं माप भरलं साडेपंचवीस इंच. मग राखीनं जमिनीपासून नळीपर्यंत टेप धरला. एकोणतीस!

“सापडलं!” राखी नाचलीच. “पाय आखूड नाहीत वं, सायकल उंच आहे! चाचा, साऱ्या गावाचं माप घेता, अन् घरच्या पोरीचं काऊन नाही घेतलं?”

चाचांनी कपाळावर हात मारला. “वाढत्या अंगाची म्हटलं ना, तिथंच फसलो!”

सांगून टाकायची हीच वेळ होती. पण धम्मा टेप गुंडाळत बसला.

चाचांनी दुकानदाराला, गोविंदाशेठला, फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “विकलेली सायकल बदलून भेटत नाही. पोरगी वाढते का नाही? दोन वर्षं थांबा!”

“शेठचा सफारी शिवाले आहे ना तुमच्याकडं?” राखीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत भलतंच काही चमकत होतं. “पुतण्याच्या लग्नाचा? अन् माह्या बाबाचाबी तसाच?” तिनं बेत सांगितला. चाचा आधी “छे छे” म्हणाले, मग दाढीतल्या दाढीत हसू लागले.

रविवारी चौघं टेम्पोत सायकल टाकून बुलढाण्याला पोहोचले. गोविंदाशेठ सफारी बघून खूश! लगेच आत जाऊन घालून आले. बाह्या बोटांच्या खाली, पँट जमिनीवर लोळत!

“हे काय शिवलं बशीरभाई?”

“वाढत्या अंगाचा आहे, शेठ!” राखी साळसूदपणे म्हणाली. “दोन वर्षं थांबा!”

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठ आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. “बदलून देतो बापा! पण हे ओरखडे पडले त्याचं काय?”

फलकनं गुडघा दाखवला. “इथंबी पडले, शेठ.”

शेठनं ती बुटकी सायकल बाहेर काढली. फलक नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभी राहिली. टाचासुद्धा जमिनीवर! हँडल हाताला आलं, ब्रेक बोटांत आले.

“शाब्बास राखी!” चाचांनी तिची पाठ थोपटली. राखीच्या बाबांचा मोठा सफारी परत घेऊन शेठचा खरा सफारी पिशवीतून काढून दिला आणि धम्माच्या खांद्यावर हात ठेवला. “तूबी भल्यासाठीच सांगितलं होतं, बेटा. मीच माप घ्याले चुकलो.”

तो हात धम्माला सोसवेना.

“नाही चाचा!” त्यानं तो बाजूला केला. “भल्यासाठी नाही सांगितलं. ती सायकल मले चालवायची होती. म्हणून मोठी घ्याले लावली.”

फलकचं तोंड रडवेलं झालं.

“पंधरा दिवस मी माह्या पायांले शिव्या घातल्या, धम्मा. तू बाजूलेच उभा होता.”

धम्माला मान वर करता येईना. “चुकलो फलक,” एवढंच तो म्हणाला.

“भर दुकानात कबूल केलं, त्याले हिंमत लागते,” चाचा शांतपणे म्हणाले. “पण माफीचं फलक पाहील. तिथं मी बोलणार नाही.”

दोन दिवस फलक धम्माशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तिघं तलावाकडे निघाले. धम्मा वडिलांच्या खटाऱ्यावर सगळ्यांत मागे होता. मोठ्या चढाच्या माथ्यावर फलकनं ब्रेक दाबले आणि दोन्ही पाय घट्ट टेकवून ती थांबली. मग मागे वळली.

“चल ना बे लवकर! तुह्ये पाय तर लांब आहेत ना?”

धम्मानं डोळे पुसले आणि जोरात पायडल मारलं.