टॅक्सी आणतो, म्हणाला

त्या दिवशी आम्ही निघालो होतो ते नवऱ्याचे बूट आणायला. तळ बदलायला टाकले होते. संसार मोडायच्या दिवशी माणूस काही वेगळं करून घरातून निघत नाही, तुला सांगते. थंडी होती, दुपार होती, दोघांनाही सुट्टी होती. बूट घेतले आणि मला भूक लागली.

समोरच्याच गल्लीत ते फोचं हॉटेल होतं. फो म्हणजे व्हिएतनामी सूप. हाडं मंद आचेवर रात्रभर उकळून काढलेला रस्सा, त्यात तांदळाच्या नूडल्स आणि मांसाचे पातळ काप. वरून घालायला कच्चे मोड, पाला, मिरची, लिंबू वेगळं देतात. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ना, तिथल्या सगळ्या जणी त्या हॉटेलाचं कौतुक करून थकत नसत. दारात कायम रांग. मी म्हटलं, "चल, आज बघूच."

"इथे नको," तो म्हणाला.

"का?"

"गर्दी बघ किती आहे. आणि मला सूपबिप नको. आणि या गल्लीत वासच येतो कसलातरी."

नको म्हणायला माणसाला एक कारण पुरतं. त्याने एका दमात तीन दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटले. धाकटी गेल्यापासून मी कशाचाच हट्ट धरला नव्हता.

धाकटी म्हणजे माझी बहीण. आई लवकर गेली, म्हणून तिची वेणीफणी, तिचा अभ्यास, तिची आजारपणं, सगळं माझ्याकडे. माझ्या लग्नानंतर ती आमच्याकडेच राहायला आली. लहानपणापासून तिच्या हृदयात काहीतरी दोष होता. उन्हाळ्यात एका दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. बाजारात कुठेतरी कोसळली, एकटीच होती, लोकांनी आणून पोचवलं. मी पोचेपर्यंत संपलं होतं. नवरा माझ्या मागोमाग आला. मला जवळ घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "पण कुठे पडली ही? बरोबर कुणीच नव्हतं का?"

त्याचा आवाज अजून कानात आहे. काळजीने भरलेला.

तर आम्ही रांगेत उभे राहिलो. आत शिरलो तसा वाफेचा लोट अंगावर आला. भाजलेलं आलं, दालचिनी, चक्रीफूल, आणि त्याखाली हाडांच्या रश्श्याचा जड, गोडूस वास. भांड्यांचा खणखणाट, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, माणसं एकमेकांना धक्के देत बसलेली. आम्हाला भिंतीकडचं चौघांचं टेबल मिळालं. मी एका बाजूला, तो समोर.

त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. ज्याच्या काचा धुरकटतात तो आधी त्या पुसतो, हे मी रोज बघते. त्याने पुसल्या नाहीत. तसाच बसून राहिला, दोन पांढऱ्या काचांच्या मागे.

वेटर आला, एक पोक्त, उंच माणूस. आम्ही सांगितलं. तो गेला, आणि आणले तीन वाडगे. एक माझ्यापुढे, एक नवऱ्यापुढे, आणि एक त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

वेटरने खुर्चीकडे पाहिलं. "बाई आत्ताच होत्या ना इथे. त्यांनीच सांगितलं. मोड नकोत, लिंबू जास्त." मग म्हणाला, "हात धुवायला गेल्या असतील," आणि निघून गेला.

मोड नकोत, लिंबू जास्त. धाकटीला मोड कधी चालले नाहीत, आणि लिंबू तर ती सालीसकट चावून खायची. मी कितीदा ओरडले असेन, दात आंबतील म्हणून.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजूबाजूचा गोंगाट खूप लांब गेला आहे. माणसं बोलत होती, त्यांची तोंडं हलत होती, पण आवाज भिंतीपलीकडून यावा तसा. आमच्या दोन्ही वाडग्यांतून वाफ सरळ वर जात होती. तिसऱ्यातली मात्र आडवी पसरत होती, त्याच्या बाजूला... कुणीतरी फुंकर घालत असल्यासारखी.

"तू इथे आधी आला होतास," मी म्हटलं.

"नाही."

तेवढ्यात हॉटेलची मालकीण आमच्याकडे आली. म्हातारी, ठेंगणी, बाह्या वर सरकवलेल्या. ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही परत आलात," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं याल."

"तुमचा काहीतरी गैरसमज..."

"नेहमी याच टेबलावर बसायचात दोघं. कसा विसरेन. त्या दिवशी टॅक्सी आणतो म्हणालात. तिने तुमचा हात धरून ठेवला होता, तर तिचं एकेक बोट सोडवलंत आणि गेलात. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. म्हणत होती, येईल आत्ता."

त्याने मान खाली घातली.

"टॅक्सी मिळाली नाही का?" म्हातारीने विचारलं. खरंच विचारलं तिने. इतके महिने तिला तोच प्रश्न पडला असावा. उत्तराची वाट बघत ती जरा वेळ थांबली, मग गल्ल्याकडे परत गेली.

केसाने गळा कापतात म्हणतात ना, तसं झालं. रक्त दिसलं नाही, दुखलंही नाही लगेच. मी नुसती हिशोब जुळवत बसले. माझ्या सकाळच्या पाळ्या. त्या दोघांच्या एकाच दिवशी येणाऱ्या सुट्ट्या. एका घरात राहून दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि मी वेडी, दोघांचे डबे भरत होते.

"बोल काहीतरी," मी म्हटलं.

"मला वाटलं नुसती चक्कर आली असेल," तो अगदी हळू म्हणाला. "लोक जमले होते... कुणीतरी तुला फोन केला असता, तर तू विचारलं असतंस मी तिथे कसा. मी घाबरलो."

"मग हॉस्पिटलात मला जवळ घेताना?"

तो वाडग्यात बघत होता. मग त्याचा चेहरा बदलला. कपाळावर घाम आला.

"हात सोड," तो म्हणाला.

"काय?"

"माझा हात सोड... दुखतोय."

माझे दोन्ही हात टेबलावर होते. वाडग्याला धरून बसले होते, ऊब लागावी म्हणून. मी ते उचलून त्याच्यासमोर धरले. धुरकट काचांतून त्याला किती दिसलं कोण जाणे, पण दिसलं. त्याचा डावा हात टेबलाखाली होता, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला. खांद्यापासून ताणलेला. तो ओढत होता आणि हात वर येत नव्हता.

तिसऱ्या वाडग्याशेजारच्या बशीत लिंबाच्या फोडी होत्या. एकीची साल चावलेली होती.

मला भीती वाटायला हवी होती, नाही? वाटली, पण नंतर. त्या क्षणी मला एवढंच जाणवलं की ती आली, आणि त्याच्याशेजारी बसली. मी जिला लहानाची मोठी केली, ती मरूनसुद्धा हात धरायला आली तर त्याचा. माझ्याकडे तिने पाहिलंही नसेल. त्या दुपारी तो धरलेला हात मला दोघांनी मिळून पुन्हा एकदा फसवल्यासारखाच वाटला.

मी उठले. तो म्हणाला, "जाऊ नकोस... प्लीज." मी म्हटलं, "टॅक्सी आणते." आणि निघाले.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी त्या घरी परत गेले नाही. तो खूप उशिरा घरी पोचला म्हणे. त्याच्या डाव्या हाताची बोटं आता सरळ होत नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही. माझ्या भावाने सगळं विचारलं, घटस्फोटाच्या वकीलबाईंनी विचारलं, मी सगळं सांगितलं. एक सोडून.

निघताना मालकिणीने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी तिच्या अंगावरून बाहेर पडले. बाहेर बोचरी थंडी होती. पाठीमागे दार लागल्याचा आवाज येईना, म्हणून मी वळून पाहिलं. रांगेतलं कुणी आत जात नव्हतं. म्हातारी अजून दार धरूनच उभी होती, आणि माझ्या पाठोपाठ कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरकली. मग तिने माझ्या शेजारी, माझ्या खांद्याच्या उंचीवर पाहिलं, ओळखीचं हसली, आणि हलकेच म्हणाली, "सावकाश जा गं दोघी."