खाऱ्या तळ्यावरचा पाहुणा

मुलांनो, जरा मनानं माझ्याबरोबर चला. अकोटच्या दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची, हिवाळ्यातली सकाळ आहे. तळ्यावर धुकं आहे आणि पाणी इतकं खारट, की तहानलेला बैलसुद्धा तोंड फिरवतो. दूर परदेशात लढाई जुंपल्यानं तिकडचा कापूस अडला होता, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला होता. भावाबरोबर संशयही आला. जो तो दुसऱ्याच्या गाडीकडे डोळे बारीक करून पाही.

तिघं तळ्याकडे निघाली होती. पुढं जानराव गाडीवान, मागं खांद्यावर बंदूक घेतलेले गावचे पंच खुशालराव आणि मधे छोटी जमुना. जमुनेनं सांगितलेलं बदक खरंच आहे का, एवढंच पाहायचं होतं.

झालं होतं असं. जानरावनं वखारीत पोचवलेला कापूस ओला निघाला. वजन वाढवायला कुणीतरी पाणी मारलं होतं! आळ आला कापसाच्या राखणदारावर, सहदेववर, म्हणजे जमुनेच्या मामावर.

"मी पाह्यलं," जमुना चावडीवर म्हणाली होती. "जानरावकाकानं तळ्याचं पाणी कापसावर मारलं. तवाच थे अनोळखी बदक उतरलं."

"मामासाठी पोट्टी काहीबी रचून राहिली!" जानराव हसला. "असं बदक कोनी पाह्यलं काय? बदक खोटं, तं बाकीबी खोटं!"

खुशालरावांनी निकाल दिला होता : बदक दिसलं तर मुलीचं पुढचं ऐकू, नाही तर सहदेवनं गाव सोडायचं.

चालता चालता ते जमुनेला खोदून विचारू लागले. "कसं होतं व थे?"

"काळं-पांढरं. डुबकी मारते. डोया पिवळा." जमुनेनं आपल्या डोळ्याकडे बोट केलं.

"हे तं शेंडीबदक! दर हिवाळ्यात येते. त्याचाबी डोया पिवळाच असते."

पुढं जानरावची पाठ हसण्यानं हलली. पण जमुना म्हणाली, "शेंडी नाई त्याले. चोचीजवळ गालावर गोल पांढरा ठिपका हाये. आन् उडताना त्याचे पंख शिट्टी वाजवते."

"पंख? शिट्टी?" खुशालराव थबकले. त्यांच्या नजरेत विश्वास नव्हता.

तेवढ्यात जमुनेच्या ध्यानात आलं, जानरावनं पायवाट सोडली होती. तिला शंका आली, हा आपल्याला बदकापासून लांब नेतोय.

"काका, वाट डाव्या अंगानं हाये."

"तुले जास्त समजते?" जानराव गुरकावला आणि काठावरच्या पांढऱ्या, वाळल्या दिसणाऱ्या पापुद्र्यावर त्यानं पाय टाकला.

पापुद्रा फुटला! गुडघ्यापर्यंत चिखल. मग कमरेपर्यंत! जानराव धडपडला, तसा आणखी रुतला.

"हालू नको!" खुशालराव ओरडले. "जितका हालशीन तितका जाशीन!"

त्यांनी बंदूक खाली टाकली. दोघं शेजारच्या शेतातून पऱ्हाट्या ओढून आणू लागली. कापसाच्या त्या वाळक्या काड्या चिखलावर अंथरल्या. जमुना अंगानं हलकी. खुशालरावांनी आपलं पागोटं सोडलं; त्याचं एक टोक दातांत धरून ती पोटावर सरकत निघाली. काड्या करकरल्या. चिखल वर आला. ती थांबली, पुन्हा सरकली आणि टोक जानरावच्या हातात दिलं.

आणि धुक्यातून शीळ आली!

पंखांचीच शीळ. एक बदक जानरावपुढं पाण्यात उतरलं. बुडी मारली. पाणी शांत झालं. बिचारा जानराव, त्याला ना हलता येई, ना मागं सरकता येई! बदक वर आलं ते थेट त्याच्या नाकासमोर.

"अरे बाप्पा!" तो किंचाळला. "गालावर खरंच पांढरा ठिपका हाये! शेंडी नाई!"

बदक दचकून उडालं. शीळ दूर दूर गेली. खुशालरावांनी बंदुकीकडे पाहिलं. पाडलं असतं, तर पुरावा म्हणून गावाच्या हातात देता आलं असतं. पण बंदूक तशीच पडू दिली आणि पागोटं दोन्ही हातांनी ओढून जानरावला बाहेर काढलं.

मुलांनो, ते समुद्री बदक होतं. दूर उत्तरेच्या थंड मुलखातलं, हिवाळ्यात सागरकाठी उतरणारं. वाट चुकून ते आपल्या खारपाणात, या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आलं होतं.

दुपारी चावडीवर सगळे जमले. सहदेव खाली मान घालून बसला होता.

"शेंडीबदकच होतं थे," चिखलानं माखलेला जानराव म्हणाला.

"चिखलात काय बोलला, थे म्या आईकलं, जानराव," खुशालराव म्हणाले. "बदक खरं हाये, सहदेवले गाव सोडा लागत नाई. पोरी, आता तू बोल."

जमुनेनं एकदा मामाकडे पाहिलं. मग ती उठली, जानरावसमोर जाऊन उभी राहिली आणि कापसाच्या गाडीचं पहिल्यापासून सांगू लागली.