मागच्या सीटचा पट्टा

विमान भाड्यानं मिळतं, हे आबाला खरं वाटत नव्हतं. आबा म्हणजे माझा बाप. तोंडावर मी तुम्ही म्हणतो, मागं अरेतुरे.

"मोटार घ्यावी तसं?"

तसंच. लायसन दाखवायचं, त्यांच्या माणसाबरोबर एक चक्कर मारून हात दाखवायचा, मग घेऊन जायचं. आबाला वरून रान बघायचं होतं. भावकीला दाखवायला फोटो हवे होते.

भुशीच्या वर, पठारावर ती खाजगी धावपट्टी आहे. तिच्या पश्चिमेच्या टोकाखाली आमचं रान गाडलंय. निम्मं रान धोंडाआत्याचं, आबाच्या थोरल्या बहिणीचं. ती तिथंच खोपट करून राहायची, मिश्री भाजायची आणि रान विकायला न्हाई म्हणायची. एका पावसाळ्यात गेली. नंतर कळलं, संमतीच्या कागदावर तिचा अंगठा आहे. भावकीतली जाणती माणसं तेराव्याला जेवली आणि हात पुसून घरी गेली. रान विकल्याच्या पैशावर मी इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून पायलट झालो. मीही काही विचारलं नाही.

जानेवारीतली दुपार होती. चार सीटचं लहान विमान. सकाळीच तिथले सुहाससर माझ्याबरोबर उडून आले होते. काही खोट नव्हती. मी आणि आबा पुढं बसलो. मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे लोंबू नयेत म्हणून लावून ओढून ठेवतात. मी स्वतः ओढले, गादीत रुतेपर्यंत.

चाकं सुटली. पश्चिमेच्या टोकावरून, खोपटाच्या जागेवरून जाताना विमान बसलं. मागं कुणी टेकावं तसं. नाक आपोआप वर जायला लागलं. शेपटीकडं वजन आलं की असं होतं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मग वास आला. भाजलेल्या मिश्रीचा. आबा माळकरी आहे, तंबाखूला शिवत नाही. हेडफोनमध्ये मागून श्वास ऐकू येत होता... ओला, बोळक्या तोंडाचा.

"स्वराज... मागं कोन हाय रं?"

"कुणी नाही. पट्टे मी लावलेत."

"मंग वास..."

"तुम्ही सांगा. बहीण तुमची."

खाली पवनेचं पाणी पत्र्यासारखं पडलं होतं. मी उतरायला वळलो. त्या टोकावर आलो, की नाक वर. वेग मेला असता तर दगडासारखे पडलो असतो. इंजिनाला जोर दिला, पुन्हा वर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वर घेतलं आणि आबाकडं वळलो.

"आबा, अंगठा कधी घेतला?"

"आत्ता इचारतूस व्हय?"

"पडल्यावर कुणाला विचारू?"

श्वास थांबला. मागचं ऐकत होतं.

"शेवटच्या आंगोळीच्या आदी..." आबा म्हणाला. "बायकांना भाईर धाडलं... हात आजून मऊ होता... आक्का, मी सांगतो गं. तलाठ्याला सांगतो, भावकीला सांगतो. पोराला उतरू दे..."

नाक खाली आलं. इतकं सहज, की मला त्या बाईची कीव आली. तिनं याच्यावर पुन्हा विश्वास ठेवला होता.

उतरल्यावर मागं पाहिलं. एक पट्टा लावलेलाच होता, पण सैल. एका बारीक अंगाच्या माणसाच्या मापाचा.

पार्किंगपर्यंत येईस्तोवर आबानं टोपी नीट केली.

"वारं लय हाय वर," तो म्हणाला.

"तलाठ्याकडं कधी जायचं?"

"कशाला?"

आता आम्ही सोमाटण्याला फ्लॅटमध्ये राहतो. आबा रोज मोटारसायकलवर एकटाच बाहेर पडतो. हल्ली सोसायटीचा चढ तिला पहिल्या गिअरमध्येही ओढवत नाही. मेकॅनिकनं दोनदा इंजिन उघडलं, काही सापडलं नाही. तलाठ्याकडं मी जाऊ शकतो. गेलो नाही.

मी फक्त रोज सकाळी मागचे दोन्ही फूटरेस्ट दुमडून ठेवतो. संध्याकाळी आबा एकटाच येतो, आणि डावा उघडा असतो. फक्त डावा. आत्या गाडीवर एका अंगाला बसायची.