काउंटरखालचे स्पीकर

रिझवान चचांच्या दुकानात कुर्ते बघता बघता नेत्रा थबकली. काउंटरखाली एक माणूस शिरला होता. तिशीच्या आसपासचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला... गुडघ्यांवर बसून त्याने काउंटरच्या लाकडी पायाला कान लावला होता आणि बोटाने हळूच टकटक करत होता. चौक बाजारातल्या चिकनकारीच्या भरतकामी कपड्यांच्या दुकानांत नेत्राने लहानपणापासून नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कपड्यांकडे पाठ करून फर्निचरशी हितगुज करणारं हे पहिलंच.

"अरे देवा... हे तर स्पीकर आहेत," तो स्वतःशीच पुटपुटला. मराठीत!

नेत्राला हसू फुटलं. त्याने दचकून मान वर केली आणि डोकं फळीवर आपटलं.

"लगी तो नहीं?"

"तुम्हाला मराठी कळते?" तो डोकं चोळत म्हणाला.

"समझती हूँ. बोलने में अटकती हूँ."

नेत्राचे बाबा हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच, या हिंदी मुलखात, विकास नगरात स्थायिक झाले होते. घरात आईबाबा मराठीत विचारत आणि ती हिंदीत उत्तर देई, अशी तिची मराठी. हा रणजित, मूळचा सांगलीचा. वीज कंपनीत इंजिनिअर होता, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एकटाच राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुने स्पीकर हुडकत फिरायचा.

चचांनी काउंटरवरचा चादरीचा पडदा बाजूला केला. फळीखाली पायांऐवजी दोन भलेथोरले लाकडी खोके होते. कुठलंसं सिनेमागृह मोडलं तेव्हा त्यांच्या अब्बांनी ते उचलून आणले होते, आणि तेव्हापासून त्यांच्यावर फक्त कापड मोजलं जात होतं. रणजितचे डोळे चमकले. असे स्पीकर आता नजरेलाही पडत नाहीत, त्यातून जोडी म्हणजे नवलच, असं तो सांगत होता. पण चचा विकायला तयार नव्हते. अब्बांची आठवण आहे, म्हणाले. हवं तर इथेच बसून दुरुस्त कर. बोलायला लागले, तर मग बघू.

असा रणजितचा रविवार चौकात जाऊ लागला. आणि नेत्राचाही. तिच्या कुर्त्याची बाही कधी सैल निघायची, कधी घट्ट. चचांना सगळं समजत होतं. ते मुकाट्याने टेप काढून पुन्हा माप घ्यायचे.

दुकानावरच्या माडीत नेऊन रणजितने खोके उघडले. आतले कागदी कोन, ज्यांच्या थरथरण्यातून आवाज निघतो ते, कडेने कुजले होते. एक तर उंदराने कुरतडलेला. त्यावर लावायला हलकं काहीतरी हवं होतं, कागदाला जड न होणारं. नेत्राने खालून चचांच्या ठेवणीतली मलमल आणली, इतकी तलम की बोटाची रेघ पलीकडून दिसावी. रणजित सरसाचा एकेक थेंब लावत होता आणि ती श्वास रोखून मलमल धरून बसली होती. त्यांची बोटं एकमेकांना चिकटली, तेव्हा दोघांनीही ती सोडवायची घाई केली नाही.

"तुम्ही करता काय?" त्याने विचारलं.

ती क्लिनिकमध्ये लोकांची श्रवणचाचणी घेते, हे ऐकून तो हसला. "नाव नेत्रा, आणि काम कानांचं?"

"और आप? कौन-सा रण जीता है अब तक?"

"सध्या एकच चालू आहे," तो कोनावर नजर ठेवून म्हणाला. "समोरची बाजू फार हुशार आहे."

थंडी वाढली. सकाळी दुकान उघडण्याआधी दोघं गल्लीच्या तोंडाशी मक्खन मलाई खायची... केशरी, ढगासारखी, जिभेवर ठेवताच नाहीशी होणारी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एक गोष्ट मात्र नेत्राला कळत होती. रणजित नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायचा. ती दुसऱ्या बाजूला गेली की तोही काहीतरी निमित्त काढून जागा बदलायचा.

ज्या दिवशी स्पीकर पहिल्यांदा वाजले, त्या दिवशी चचा जिना चढून वर आले. सनईचे सूर माडीभर पसरले. चचांनी डोळे मिटले. रणजितचा चेहरा उजळला. अगदी स्वच्छ आवाज, तो म्हणाला. पण एका स्पीकरमधून वरच्या सुरांसोबत बारीक 'सीऽऽ' असा आवाज येत होता. नेत्राला तो टोचत होता. चचांच्याही कपाळावर आठी पडली होती. उजवा कान दुसऱ्या स्पीकरला लावून, डावा याच्याकडे करून बसलेल्या रणजितला मात्र तो ऐकू येत नव्हता.

चचा खाली गेल्यावर तिने तिच्या हिंदीत हळूच विचारलं, डावा कान एकदा तपासून घेतोस का?

"तुला सगळीकडे पेशंटच दिसतात," तो तुटकपणे म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. नेत्रा माडीत जाऊन बसायची, मलमलीच्या ठिगळावरून बोट फिरवायची आणि स्वतःवरच चिडायची. नको ते बोलले... पण न बोलून कसं चाललं असतं?

मग एका दुपारी क्लिनिकमध्ये तिने पुढचा पेशंट बोलावला, तर दारात रणजित.

तो काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला त्याने एकही सूर सोडला नाही. डाव्या कानाला बारीक सूर पाठवताच त्याचा अंगठा थांबला. तिने आवाज वाढवला... आणखी वाढवला... अंगठा तसाच. काचेपलीकडून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि ती चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न करत होती.

"माझ्या बाबांचं असंच सुरू झालं," बाहेर येऊन तो म्हणाला. "आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. आई दोनदा हाक मारते, मग गप्प बसते. सांगलीच्या घरात दिवसचे दिवस कुणी बोलत नाही. मी कुणाला त्यात ओढणार नाही, नेत्रा. म्हणून रविवारी आलो नाही."

नेत्राने पहिल्यांदाच त्याला मराठीत विचारलं, शब्द चाचपडत, "बाबांनी मशीन... लावलं नाही?"

"म्हातारा दिसेन म्हणाले."

"आणि तू? तू पण हट्टी आहेस?"

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "होतो."

बाबांसारखंच होईल असं नाही, तिने त्याला समजावलं. उजवा कान उत्तम आहे, डाव्याला यंत्राची चांगली मदत होईल, आणि दर वर्षी तपासत राहायचं. खोटी आशा तिने दिली नाही. पण यंत्र निवडताना तिने कुठल्याच पेशंटसाठी कधी लावला नव्हता इतका वेळ लावला.

यंत्र कानात घालून रणजित माडीत आला, तेव्हा सनई सुरू होताच तो चमकला. "सी... असं काय वाजतंय हे?" नेत्रा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. कोनाची एक कड किंचित सुटली होती. त्याने ती स्वतःच शोधली, चिकटवली, वाळेपर्यंत फुंकर घालत बसला.

दुसऱ्या दिवशी स्पीकर खाली आले आणि दुकानात वाजले. गल्लीतले लोक थबकून ऐकू लागले. चचांनी डोळे पुसले आणि निर्णय सांगून टाकला: स्पीकर इथेच राहतील, काउंटरला नवे पाय करून घेऊ. रणजितने दर रविवारी येऊन देखभाल करावी. त्याचा विरस होईल असं नेत्राला वाटलं होतं, पण तो चक्क खूश दिसला.

चचा गिऱ्हाइकाला कुर्ता दाखवायला वळले. नेत्रा रणजितच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. या वेळी तो सरकला नाही. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू मला... आवडते."

रणजित तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "परत म्हण."

तिचे कान तापले. "चुकलं का? आवडतो?... आवडतोस?"

"चुकलं म्हणून नाही."

"मग ऐकू आलं नाही?"

"आलं," तो म्हणाला. "प्रत्येक अक्षर आलं. म्हणूनच."

सनई वाजत होती, चचा कान टवकारून पाठमोरे उभे होते. नेत्राने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग रणजितकडे, आणि या वेळी जरा मोठ्याने, बरोबर मराठीत, परत म्हटलं.