मापात बसलेलं झाकण

आईचा फोटो बाबांच्याच कॅमेऱ्यावर काढायचा, हे लेकीनं परदेशातून परतल्या दिवशीच ठरवलं होतं. आईच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. मोबाईल पुढे केला की आई तोंड फिरवायची. “त्यात माणूस बोटानं पुसता येतो,” म्हणायची. बाबा गेल्यापासून तिचा एकही फोटो निघाला नव्हता.

दुरुस्तीवाल्या काकांनी कॅमेऱ्याच्या शटरचा जळालेला कापडी पडदा बदलला, पण झाकणाशिवाय कॅमेरा न्यायला मनाई केली. भिंगावर ऊन पडलं की पडदा पुन्हा जळणार. आणि त्या जुन्या भिंगाला कुठलंच झाकण बसेना. काकांनी डबेच्या डबे पालथे घातले. एक सैल, दुसरं घट्ट, तिसऱ्याचे आटे वेगळे.

“म्हातारा हट्टी आहे,” काका म्हणाले. “कुणाची टोपी घालून घेत नाही.”

शेवटी खणाच्या तळातून त्यांनी एक जड, काळं झाकण काढलं. आतून मखमल लावलेलं. भिंगाजवळ नेताच ते अलगद बसलं. काकांनी पट्टी लावून पाहिली आणि त्यांचं हसू ओसरलं.

“मापात नाहीये... पण बसलंय.”

“कुणाचं होतं?”

“होता एक फोटोग्राफर. मेलेल्या माणसांचे फोटो काढायचा. शेवटची आठवण म्हणून लोक बोलवायचे.” काकांनी ते पुसून तिच्या हाती दिलं. “असो. झाकणाला कसलं आलंय सोयरसुतक. फक्त काढायला विसरू नका. या कॅमेऱ्यात डोळा लावायची काच वेगळी असते. भिंग झाकलेलं असलं, तरी तुम्हाला सगळं लख्ख दिसत राहतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला उजेडात खुर्चीवर बसवलं. झाकण काढून टेबलावर ठेवलं. हे तिला पुढेही पक्कं आठवत राहिलं. मग ती दाराशी उभी राहून एकेक फोटो काढू लागली. खोलीत मेणासारखा गोडसर वास येत होता.

“एवढ्या जवळून काढतेस?” आईनं हळूच विचारलं.

“मी दाराशी आहे, आई.”

आई नुसती बघत राहिली, कॅमेऱ्याच्या थोडं अलीकडे.

रोल संपला. कॅमेरा खाली घेताना लेकीच्या बोटांना मखमलीची कड लागली. झाकण भिंगावर होतं.

“आई... पुन्हा काढूया. माझंच चुकलं.”

“उद्या गं. दमले आता.”

उद्या उजाडला, पण आईनं डोळे उघडले नाहीत.

सगळं आवरल्यावर ती रोल घेऊन काकांकडे गेली. “कोरा असणार,” ते म्हणाले. “उगाच जीव जाळू नका.” पण तिनं ऐकलं नाही. आईचा एक चेहरा, नुसता पुसट चालला असता. रोल धुवायला बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. काकांनी मागची अंधारी खोली उघडून दिली आणि दाराबाहेर बसून राहिले.

रोल कोरा नव्हता.

लाल दिव्याखाली पहिला कागद द्रावणात भिजला आणि आई वर आली. खुर्चीत, हातभर अंतरावरून काढलेली. दुसऱ्या फोटोत कडेनं एक हात आत आला होता. फोटोग्राफर पोझ नीट करतात, तशी त्याची दोन बोटं आईच्या हनुवटीखाली होती. आणि आई हसत होती. लेकीसाठी ती इतकं कधी हसली नव्हती. तिसऱ्यात पापण्या जड झालेल्या. पुढच्यात मिटलेल्या. हनुवटी तेवढी त्या बोटांनी तोलून धरलेली.

प्रत्येक वेळी बटण तिनंच दाबलं होतं.

तिनं शेवटचा कागद द्रावणात सोडला. खुर्ची रिकामी होती. हात आता भिंगाच्या दिशेनं पुढे आला होता. कॅमेरा धरणाऱ्याकडे.

“ताई, काही आलं का?” बाहेरून काकांनी विचारलं.

तिला उत्तर द्यायचं होतं. पण गोडसर वास दाटला होता, आणि तिची हनुवटी कुणीतरी हलकेच वर उचलत होतं.