आत्याची रुसूबाई

"अरे, पुसा म्हणजे पुसा! टाकीत तोंड दिसलं पाहिजे तोंड!" असं म्हणत आतोबांनी तीन फडकी फेकली. खारूनं आणि तोफेनं आपापलं फडकं झेललं. ढब्बूचं फडकं थेट त्याच्या नाकावर जाऊन बसलं.

अंगणात आत्याची जुनी मोटरसायकल उभी होती. संध्याकाळी बेकरीवाले ती बघायला येणार होते आणि पसंत पडली तर लगेच घेऊन जाणार होते.

"बाबा, विकायलाच हवी का हो?" ढब्बूनं विचारलं.

"मग काय लोणचं घालू तिचं? भर रस्त्यात बंद पडणारी गाडी काय कामाची?" आतोबा म्हणाले आणि हॉर्न वाजतो ना, हे बघून किल्ली तशीच लावून आत गेले.

आतोबांचंही खोटं नव्हतं म्हणा. गाडी चांगली धावता धावता अचानक मूग गिळून बसायची. थोड्या वेळानं किक मारली की अशी सुरू व्हायची, की जणू काही झालंच नाही! म्हणून तर घरात तिचं नाव पडलं होतं रुसूबाई. मिस्त्रींनी बॅटरी बदलली, प्लग बदलला. त्यांच्या गॅरेजात रुसूबाई शहाण्या बाळासारखी चालायची आणि घराच्या वळणावर पुन्हा बंद! शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाले, "गाडीत दोष नाही, ताईंच्या चालवण्यात आहे." त्या दिवशी आत्या नीट जेवली नव्हती, हे ढब्बूनं खारूला सांगितलं होतं.

आत्या होती परिचारिका. दवाखान्यातून घरोघरी जाऊन कुणाला इंजेक्शन दे, कुणाची पट्टी बदल, हे तिचं काम. गाडी बंद पडायला लागल्यापासून ती पायी फिरत होती. खालच्या गल्ल्या कशाबशा व्हायच्या, पण टेकडीवरची घरं बहुतेक वेळा राहून जायची. गाडी विकली की टेकडीवर जाणं कायमचं बंद, असं दवाखान्यानं सांगूनच टाकलं होतं. नवी गाडी घ्यायची, तर आणखी वर्षभर तरी थांबावं लागणार होतं.

खारू सकाळपासून सारखे डोळे पुसत होती. ती सुट्टीसाठी आत्याकडे आली होती खरी, पण तिचं आणि या गाडीचं नातं जुनं होतं. मागे तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा आत्या याच गाडीवरून रोज दुसऱ्या गावाहून पट्टी बदलायला यायची. दुखणाऱ्या पायानं अंथरुणावर पडल्या पडल्या खारू त्या फटफट आवाजाची वाट बघायची. त्या गाडीचे उपकार होते तिच्यावर आणि ते ती विसरली नव्हती.

"रडतेस काय? पूस!" शेजारची तोफ म्हणाली. तोफ कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतलं मांजर जागं व्हायचं.

"रडत नाहीये! धूळ गेली डोळ्यात," खारू म्हणाली आणि दिव्याखालचा भाग पुसायला तिनं हँडल डावीकडे पार टोकापर्यंत वळवलं.

तेवढ्यात तिचा हात थांबला.

किल्ली चालू होती, त्यामुळे हँडलवर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला होता. तो आत्ता विझला! खारूनं हँडल सरळ केलं. दिवा लागला.

"ए, इकडे या! मी हँडल वळवलं की दिवा जातो!"

"काहीतरीच!" ढब्बूनं स्वतः हँडल वळवलं. दिवा ढिम्म हलला नाही. "बघ! तुझ्या डोळ्यात धूळच गेलीय."

"अरे, तू अर्धवट वळवलंस! पुरतं वळव."

ढब्बूनं जोर लावला. दिवा गेला! ढब्बूचं तोंड उघडं ते उघडंच.

"थांबा! हॉर्न दाबून बघू," तोफ म्हणाली आणि तिनं बटणावर अंगठा ठेवला. पँऽऽऽ! समोरच्या आजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खारूनं हँडल डावीकडे टोकाला नेलं आणि हॉर्न मधेच गप्प! सरळ केलं, पुन्हा पँऽऽऽ! उजवीकडे वळवलं तरी पँऽऽऽ!

"अगं, पुरे की!" आजोबा ओरडले.

"आजोबा, संशोधन चाललंय!" तोफेनं ठणकावून सांगितलं.

खारू मात्र विचारात पडली होती. "दिवाही जातो, हॉर्नही जातो. म्हणजे सगळीच वीज जाते. वीज गेली तर इंजिन कसं चालेल? ढब्बू, गाडी कुठे कुठे बंद पडते?"

"आपल्या वळणावर. दवाखान्याच्या फाटकात. टेकडीवर जाताना त्या वाकड्या चढाला..." ढब्बू बोलता बोलता थबकला. "सगळीकडे डावीकडेच वळावं लागतं की!"

तिघं हँडलखाली डोकावली. दिव्याच्या मागे वायरींचा जुडगा होता. त्याला पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या इतक्या करकचून आवळल्या होत्या, की हँडल वळलं की सगळा जुडगा ताणला जायचा. खारूनं हँडल सरळ ठेवून एकेक वायर चिमटीत धरून वाकवून बघितली. लाल वायरीशी आल्यावर हिरवा दिवा लुकलुकला. ती वायर वरून अगदी धडधाकट होती, पण एका जागी बोटाला लुळी लागत होती, पायजम्याच्या जुन्या नाडीसारखी.

"सापडली!" तोफ किंचाळली. "कात्री आणू? कापू?"

"खबरदार! वायर कापणं आपलं काम नाही. मिस्त्रीकाकांना बोलावू," खारू म्हणाली आणि तिनं किल्ली बंद केली.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन दुकानांमधला एक बोळ. गाडी नाकासमोर सरळ आत न्यायची आणि तशीच मागे ओढून बाहेर काढायची. धापा टाकत आलेल्या तिघांचं म्हणणं मिस्त्रींनी अर्धंच ऐकलं.

"माझ्या हाताखालून हजार गाड्या गेल्या! आता तुम्ही मला शिकवणार? पळा! संध्याकाळी येणारच आहे मी, गाडी ठणठणीत आहे हे सांगायला."

तोफ तोंड उघडणार, इतक्यात खारूनं तिचा हात दाबला. खारू बोळात दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एका गाडीकडे बघत होती. हँडलची दोन्ही टोकं भिंतींना जवळजवळ टेकलेली होती.

"यांच्याकडे हँडल वळतच नाही गं! म्हणून तर रुसूबाई इथे रुसत नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"पण सांगायचं कसं? मोठी माणसं ऐकतात कुठे!" ढब्बू कुरकुरला.

"नाही ना ऐकत? मग दाखवू या!"

संध्याकाळी बेकरीवाले आले. मिस्त्रींनी ऐटीत एक किक मारली आणि रुसूबाई झकास धडधडू लागली.

"बघा! घड्याळासारखी चालते," मिस्त्री म्हणाले. आतोबांनीही मान डोलावली.

खारू पुढे झाली. "काका, तुमच्या बेकरीचं फाटक केवढंसं आहे! तिथे वळायला हँडल पुरतं वळतं का, ते बघून घ्या ना. डावीकडे. अगदी शेवटपर्यंत."

"पोरगी व्यवहारी आहे हं!" बेकरीवाले हसले. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं आणि फट्‌! गाडी बंद.

"पेट्रोल चढलं नसेल," मिस्त्री म्हणाले. हँडल सरळ, किक, धडधड. "आता वळवा!" तिघंही एका सुरात ओरडली. फट्‌!

मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस कारागीर होता. ते मुकाट्यानं खाली बसले आणि म्हणाले, "दाखव बाई, कोणती वायर?"

खारूनं बोट ठेवलं. मिस्त्रींनी पट्ट्या तोडल्या, लाल वायर सोलली. वरचं रबर अख्खं आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या!

"सैल असलं की टोकं एकमेकांना टेकतात आणि ताण बसला की सुटतात. ही कुठून सापडणार होती मला? पण या पट्ट्या आवळल्या कुणी?"

सगळ्यांच्या माना आतोबांकडे वळल्या. आतोबांना सैल काही खपायचं नाही. बागेतली नळी, पडद्याच्या दोऱ्या, ढब्बूच्या दप्तराचे बंद, दिसेल त्याला ते पट्टी आवळायचे!

"वायरी लोंबत होत्या," आतोबा पुटपुटले. "मी आपला टापटीप करायला गेलो..."

"आणि गाडीचाच गळा आवळलात!" बेकरीवाले खो खो हसले. "छे बुवा, ही गाडी आता मी नेत नाही. असे तीन मेकॅनिक ज्या घरात आहेत, तिथेच राहू दे ती!"

मिस्त्री नवा तुकडा जोडत होते, तेव्हा आत्या फाटकातून आत आली. पायी फिरून तिचे पाय सुजले होते. मिस्त्रींनी वायरीला चांगली ऐसपैस लांबी ठेवली, हात पुसले आणि उठून उभे राहिले.

"ताई, दोष तुमच्या चालवण्यात नव्हता. चुकलो मी. या पोरांनी आज माझे डोळे उघडले."

"आणि माझेही," आतोबा म्हणाले. त्यांनी खिशातल्या उरलेल्या पट्ट्या काढून मुकाट्यानं ढब्बूच्या हातात दिल्या.

आत्यानं किक मारली. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पुन्हा डावीकडे. धडधड चालूच! तिनं तिघांना एकदम जवळ घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळी कुणीही धुळीचं नाव काढलं नाही. मग घोटभर पाणीही न पिता तिनं औषधांची पिशवी उचलली.

"खारू, बस मागे. उजेड आहे तोवर टेकडीवर जाऊन येऊ."

वाकडा चढ आला. आत्यानं गाडी डावीकडे वळवली. खारूनं आत्याची कंबर घट्ट धरली. रुसूबाई हसत हसत वर चढली!

"आत्या," खारू तिच्या पाठीला बिलगून म्हणाली, "माझ्यासाठी रोज यायचीस ना, तेव्हा मी तुला काहीच म्हणाले नव्हते. आज म्हणते. फार बरं वाटायचं गं तू आलीस की."

आत्यानं एक हात मागे नेऊन खारूचा गुडघा थोपटला.

टेकडीवरच्या शेवटच्या घरात एक म्हाताऱ्या शिंपीणबाई एकट्या राहायच्या. दार वाजवायच्या आधीच उघडलं.

"आवाज ओळखला मी!" आजी म्हणाल्या. "मला वाटलं, तू आता काही यायची नाहीस. आज पट्टी माझी मीच बांधली बघ."

पायावरची पट्टी वेडीवाकडी गुंडाळलेली होती आणि अर्धी जखम उघडीच होती. सगळं आयुष्य सरळ शिवण घालण्यात गेलं होतं आजींचं, पण वाकून पायापर्यंत हातच पोचत नव्हता. खारूला पुढे बघवेना. पण आत्या खाली बसली, तशी तीही बसली आणि कापूस हातात धरून राहिली. आत्यानं जखम धुतली, औषध लावलं, नवी पट्टी बांधली.

"कशी आलीस गं? गाडी बिघडलीय म्हणत होते," आजींनी विचारलं.

"मी कुठली येतेय! हिनं आणलं मला. हिनं आणि हिच्या दोस्तांनी."

आजींनी खारूचा हात दोन्ही हातांत घेतला. सुया टोचून टोचून त्यांची बोटं खरखरीत झाली होती. "देव तुझं भलं करो, पोरी," त्या म्हणाल्या आणि मग जरा चाचरत त्यांनी आत्याला विचारलं, "आता परत कधी येशील?"

गाडी बंद पडायला लागल्यापासून आत्या या प्रश्नावर नुसतं 'बघू' म्हणायची.

"उद्या," आत्या म्हणाली. "आणि परवाही."